बारीक वाळूची पैज

तळाशी चरणाऱ्या माझ्या माशांच्या मिशा खडीवर घासून झिजल्या, त्यांना अन्न सापडेना आणि बिचारे उपाशी मेले. म्हणून नव्या माशांसाठी मी टाकीत बारीक वाळू पसरली आणि तिच्यात पाण्यातली रोपं लावली.

"वाळूत रोपं टिकत नाहीत. एक जरी तरंगलं, तर टाकी घराबाहेर!" बायकोनं बजावलं.

आठवडा झाला. मासे मजेत वाळू फुंकत होते आणि रोपं ताठ उभी. माझी छाती वीतभर फुगली.

"चिकटवली असतील तुम्ही!" म्हणत तिनं बाही सारून रोप उपटायला घेतलं. ते येईना. उलट तिचाच हात खाली निघाला. वाळू दोन बोटं जाड, हात मात्र कोपरापर्यंत आत. काचेच्या तळाखाली नुसतं टेबल होतं.

"हरलीस ना?" मी नाचलोच.

"हरले बाई, हरले! आता खाली जो कोणी आहे, त्याला माझा हात सोडायला सांगा."