डावीकडचं माप

क्रोशाची पहिली फेरी. सहा मुके खांब.

"मधलं बोंड गडद दोऱ्याचं करू का वं?" जिजाबाईने विचारलं.

"कोण पाहणार आहे, आई?"

"तू पाहशील ना."

दुसरी फेरी. बारा.

दुपारचा कूलर घरघरत होता, म्हणून दोघी जरा मोठ्यानेच बोलत होत्या. सासू पलंगावर. सून खाली चटईवर, सासूकडे पाठ करून. डिसेंबरात रीनाचा उजवा स्तन काढला. दुकानातून आणलेला सिलिकॉनचा स्तन एप्रिल लागताच घामाने घसरायला लागला, खाली पुरळ उठलं. मग दवाखान्यातल्या दीपमाला सिस्टरने मोबाइलवर एक फोटो दाखवला. सुती दोऱ्याचा, क्रोशाने विणलेला, आत कापूस. कुठल्या कुठल्या गावच्या बायका असे विणतात म्हणे आणि अनोळखी बायकांना भेट पाठवतात.

"अनोळखी काहून?" जिजाबाई म्हणाली होती. "मी मेली का?"

तिसरी. अठरा.

या घरात टीव्हीला, मिक्सरला, फ्रिजच्या मुठीला, पाण्याच्या माठालासुद्धा जिजाबाईचं विणलेलं झाकण होतं. "एक दिवस मलेही कव्हर घालून ठेवशील, आई," असं रीनाचा नवरा जितेंद्र म्हणायचा. बदामी दोऱ्याची ही लडी घरात आली, तेव्हापासून तो काही म्हणाला नव्हता. खोलीत यायच्या आधी दारावर टकटक करायचा. स्वतःच्याच खोलीत.

चौथी. चोवीस.

हे काम मधून बाहेर जातं. दर फेरीला सहा खांब वाढवायचे, चकती मोठी होत जाते. वाढवणं थांबवलं की कडा वर उचलतात आणि वाटी होते. कुठे थांबायचं, ते मापावर.

पाचवी. तीस.

"सोमवारी ऑफिसात हेच घालून जा. तुह्या त्या निळ्या कुर्त्यात कोणाले समजणार नाही."

"हो."

परवा रामदासपेठेतल्या दवाखान्यातून आणलेला रिपोर्ट रीनाने कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला होता. सगळं नॉर्मल आहे, असं जितेंद्रला सांगितलं होतं. तो देवाला नमस्कार करून कामावर गेला होता.

सहावी. छत्तीस.

सातवी

अर्ध्यात थांबली. जिजाबाईने सुई दोऱ्यात अडकवून ठेवली आणि उशीखालचा टेप काढला.

"फीर इकडे. आता माप पायजे."

"अंदाजाने करा ना, आई."

"अंदाजाने टीव्हीचं कव्हर होते. हे दोन्हीकडून सारखं दिसलं पायजे. डावीकडचं माप घेते, दोन मिनिटाचं काम." रीना हलली नाही. "लाजून राहिली का? तीन लेकरं पाजले मी. मले काय नवीन हाये त्याच्यात?"

रीना वळली. चार महिन्यांत तिने डॉक्टर आणि सिस्टर सोडून कुणासमोर गाऊनची बटणं काढली नव्हती. आता तिने ती स्वतः काढली, एकेक, खाली बघत.

उजवीकडे बघायचं नाही, असं जिजाबाईने ठरवलं होतं. पण तिची नजर आधी तिथेच गेली. तिरपी लांब रेघ. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा, सारख्या अंतरावर. ती बराच वेळ बघत राहिली.

"टाके चांगले घातले," ती म्हणाली.

मग चष्मा सावरून तिने टेप डावीकडे नेला. रीनाने तिचं मनगट धरलं.

"हिचं माप नका घेऊ."

"काहून?"

"हीपण जाणार आहे. सोमवारी."

जिजाबाई उठली. भिंतीशी जाऊन तिने कूलर बंद केला. पंखा फिरत फिरत थांबला.

"आता सांग."

रीनाने पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तेवढ्याच आवाजात. शांत खोलीत ते फार मोठे वाटले.

"जितूले?"

"नाही सांगितलं."

बाहेर कुणीतरी सायकलवरून कुल्फी विकत गेला. जिजाबाई पलंगावर परत बसली नाही. गुडघ्याला हात देत ती खाली चटईवर बसली, रीनाच्या समोर. बदामी चकती तिने मांडीवर घेतली, अंगठ्याने कडेचे खांब मोजायला लागली. मधेच आकडा सुटला. पुन्हा पहिल्यापासून लागली. पुन्हा सुटला.

"मंग मी आता कशावरून करू वं?" तिने विचारलं.

रीनाने चकतीकडे पाहिलं.

"कोणाशी जुळवाचं तं राह्यलंच नाही." जिजाबाईने नाक पदराला पुसलं. "तूच सांग. तुले केवढ्या पायजे?"

रीना हसायला गेली. ते हसू मधेच कुठेतरी वाकडं झालं. तिने गाऊन तसाच उघडा ठेवला, दोन्ही हात वर घेतले आणि तळव्यांची वाटी करून छातीसमोर हवेत धरली. थोडी लहान केली. मग किंचित मोठी.

"एवढ्या."

जिजाबाईने टेप तिच्या बोटांच्या मधल्या रिकाम्या जागेला लावला. आकडा वाचायला पुढे वाकली.

"हलू नको वं," ती म्हणाली. "माप चुकून राहिलं."