राखेची रेघ

धानोऱ्याच्या रानात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या काळ्या पडून गळत होत्या, म्हणून सरकारनं जपानहून रेशमाचा जाणकार बोलावला. जीपमधून उतरली बाई! अळ्यांची राखण करणाऱ्या लटारूनं काठी आडवी धरली. “साहेब,” तो सोबतच्या सरकारी अधिकाऱ्याला म्हणाला, “बाईले आत नाई जाता येत.” अळ्या झाडावर असेपर्यंत बाईमाणसानं झाडांभोवती ओढलेली राखेची रेघ ओलांडायची नाही, हा बापजाद्यांचा नेम. त्याची बायको आशाबाईसुद्धा दर साली शिदोरी रेघेबाहेर ठेवून परतायची. आताही तिथंच उभी होती. साहेबांनी पाहुणीला समजावताच ती बूट काढून रेघेबाहेरच मांडी घालून बसली.  लटारूच्या मागं टपकन एक अळी गळाली, मग दुसरी. त्यानं डोळे मिटले आणि पायानं रेघ पुसली. “या बाई.” पाहुणी उठायच्या आत डोईवरच्या शिदोरीसकट आशाबाई पुढे सरली. “चला बाई,” तिनं पाहुणीचा हात धरला, “मीबी पयल्यांदाच पाहून राह्यली.”