लाल कलांचो

रुमेनाची म्हातारी आई दिवसभर खिडकीतल्या कलांचोला पाणी घालायची. घातलेलं विसरायची आणि पुन्हा झारी उचलायची. महिन्यातून दोनदा पाणी मिळालं तरी मजेत फुलणारं ते झाड, पण मुळं कुजून मान टाकायचं. मग रुमेना कामावरून येताना प्लेव्हेनच्या बाजारातून तसंच लाल फुलांचं रोप आणायची आणि आईच्या नकळत कुंडीत लावून टाकायची.

"बघ, माझ्या हातचं झाड कधी मरत नाही," आई शेजारणीला ऐकवायची.

त्या संध्याकाळी बाजारात फक्त पिवळी रोपं उरली होती. कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या रुमेनात आणखी कुठे शोधत फिरायचं त्राण नव्हतं. ती रिकाम्या हातानं घरी आली, कुजलेलं रोप उपटलं आणि आता आई ओरडेल म्हणून तिथेच जमिनीवर बसून राहिली.

आई आली. कुंडीकडे तिनं पाहिलंही नाही. रुमेनाशेजारी बसून तिनं तिचे मातीनं भरलेले हात हातात घेतले.

"किती दमलीस गं पोरी! तुझी काळजी घ्यायला घरी आई नाही का?"

"आहे," रुमेना म्हणाली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.