पहिले ‘नाही’

टम्म फुगलेल्या पुरीवर हेलनने सुरीचे टोक टेकवले, तशी ती पुरी निःश्वास टाकून खाली बसली. हेलनने तिची क्षमा मागितली. समोरचा डग्लस मोठ्याने हसला. त्याने काटा-सुरी केव्हाच बाजूला सारली होती आणि त्याची बोटे श्रीखंडात बुडालेली होती.

सॉल्ट लेकमधल्या त्या घरात, बंगाली शेजारात, मूळचे साताऱ्याचे उन्मेष आणि त्याची आई मंजुषाताई अशी दोघेच राहत. मार्चमधल्या रविवारची दुपार होती. सेक्टर फाइव्हमधल्या त्याच्या ऑफिसात कामासाठी आलेले हे दोन पाहुणे, लीड्सची हेलन आणि ओहायोचा डग्लस, उद्या परतणार होते. ओहायोच्या ऑफिसात दोन वर्षांसाठी एक जागा होती, आणि ती कोणाला द्यायची हे डग्लसच्या हाती होते. उन्मेषला ती हवी होती. इतकी, की त्याने आईपाशीसुद्धा तिचा उच्चार केला नव्हता.

तो फारसा बोलत नव्हता. दोघांकडे पाहत होता. आईने अळूवडी पुढे केली की हेलन पुरे म्हणे. आई पुन्हा आग्रह करी. ती पुन्हा, अधिक मृदूपणे, पुरे म्हणे. तिसऱ्यांदा मात्र तिचे ताट किंचित पुढे सरके. जणू ती साताऱ्याच्याच कुठल्याशा घरात वाढलेली होती. डग्लसचे सारे निराळे. हवे ते तो पहिल्या शब्दात मागून घेई, नको ते एकदाच सांगे. त्यानंतरही आईने वाढलेली वडी त्याच्या ताटाच्या कडेला शेवटपर्यंत तशीच राहिली, आणि तिचे ओझे त्याच्या मुद्रेवर कुठेही नव्हते. भर दुपारी हेलनने दुधाचा चहा मागितला; डग्लसने पाण्यात काठोकाठ बर्फ.

हेलनने मसालेभाताला ‘वाईट नाही’ म्हटले, तेव्हा डग्लसने मंजुषाताईंना समजावले की तिच्या देशात याहून मोठी स्तुती अस्तित्वात नाही. यावर हेलन म्हणाली की डग्लसच्या देशात भाजलेला पावही अलौकिक असतो. मग खरोखर अलौकिक काही समोर आले तर ही माणसे कोणता शब्द काढत असतील, हे तिला आजवर कळलेले नाही.

मग डग्लसने उरलेल्या वड्या रात्रीसाठी बांधून मिळतील का, असे विचारले. हेलनने नजर कपात बुडवली. मंजुषाताई क्षणभर थबकल्या आणि उन्मेषकडे वळून हळूच म्हणाल्या, “इतकी वर्षं वाढते आहे, पण असं कुणी मागून नेलं नव्हतं रे.” त्यांचा चेहरा उजळला होता. एकीचा तो नाजूक संकोच, दुसऱ्याचा तो निर्व्याज मोकळेपणा. उन्मेषला दोहोंपुढे नम्र व्हावेसे वाटले.

“उन्मेष,” डग्लस बोटे पुसत म्हणाला, “ओहायोला येतोस? दोन वर्षं.”

खिडकीबाहेर एक ऑटो थांबली, निघून गेली. उन्मेषच्या घशाशी ‘हो’ आले होते. परंतु मोठी गोष्ट समोर आली की आधी दोन पावले मागे सरायचे, हे त्याच्या रक्तातच होते.

“नाही, म्हणजे... माझ्याहून अनुभवी माणसं आहेत ऑफिसात,” तो म्हणाला.

“बरं. स्पष्ट सांगितलंस, छान झालं. उद्या सकाळी निघण्याआधी ऑफिसातल्या सानिकाला विचारतो.” आणि डग्लसने पुरी उचलली.

त्याच्या स्वरात राग नव्हता, निराशाही नव्हती. उन्मेष वाट पाहत राहिला. दुसरा प्रश्न आला नाही.

हेलनने कप खाली ठेवला. तिने उन्मेषकडे पाहिले नाही. “डग्लस,” ती म्हणाली, “तू त्याला एकदाच विचारलंस.”

“मग किती वेळा विचारायचं? माणूस नाही म्हणाला तर ते नाहीच मानायचं. नाहीतर त्याच्या शब्दाला किंमत काय राहिली?”

हेलनने कप पुन्हा उचलला. दार तिने किलकिले केले होते. ते ढकलणे तिच्या रीतीत बसत नव्हते. उन्मेष मात्र त्या ओहायोच्या माणसाकडे पाहतच राहिला. उन्मेषचे बोलणे आजवर प्रत्येकाने दुरुस्त करून ऐकले होते: आईने, शिक्षकांनी, मित्रांनी. जसेच्या तसे खरे मानणारा हा पहिलाच. अशा माणसापुढे खोटे बोलून आपण गप्प बसलो आहोत, हे त्याला असह्य झाले.

“मला यायचं आहे,” तो म्हणाला. आवाज त्याला अनोळखी वाटला. “मघाशी मी म्हणालो ते खरं नव्हतं. मला फार दिवसांपासून यायचं आहे.”

“मग ये की,” डग्लस म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

उन्मेषने आईकडे पाहिले. श्रीखंडाचे पातेले दोन्ही हातांत धरून ती उभी होती. इंग्रजी तिला उत्तम समजत असे. मग म्हणाली, “विचार त्यांना, तिकडे थंडी किती असते.”

त्याने विचारले. डग्लस म्हणाला, भयंकर. जानेवारीत गुडघाभर बर्फ साचतो आणि श्वास ओठांवर गोठतो. हेलन म्हणाली, अंमळ गारवा असतो, असे तिने ऐकले आहे.

मंजुषाताईंनी दोघांचेही ऐकून घेतले. पातेले टेबलावर ठेवून त्या आत गेल्या. पलंगाखालची ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग झाकण उघडल्याचा. आणि नुकत्याच आवरून ठेवलेल्या लोकरी कपड्यांतून डांबरगोळ्यांचा वास हळूहळू बाहेर, जेवणाच्या टेबलापर्यंत आला.