साहेबांची तहान

शाळा तपासायला आलेल्या डिप्टी साहेबांनी पाणी मागितलं, आणि इसरू मास्तर जागचा हलला नाही.

एप्रिलचं ऊन. एटापल्लीहून छकड्यात येताना साहेबांची सुरई वाटेतच फुटली होती. घशाला कोरड पडली तरी तासभर तोंडाचा पट्टा चालूच होता. पहिलीची पोरं गोंडीत बोलतात म्हणजे काय? मास्तर झोपा काढतो की काय? "वीस वर्षांपूर्वी मी याच भागात मास्तर होतो," साहेब म्हणाले होते. "मराठीत मागितल्याशिवाय घोटभर पाणी देत नसे. आठ दिवसांत जीभ वळायची एकेकाची."

इसरूला हे सांगायची गरज नव्हती. साहेब छकड्यातून उतरतानाच हे आपले गुणवंतराव गुरुजी, हे त्यानं ओळखलं होतं. साहेबांनी मात्र त्याला ओळखलं नव्हतं. गुरुजींच्या शाळेत इसरू आठ वर्षांचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ लटारू सहा वर्षांचा. असल्याच उन्हात लटारूनं गोंडीत पाणी मागितलं, "एर." गुरुजी म्हणाले, "मराठीत माग, मोठ्यानं. मागं ऐकू आलं पाहिजे." भेदरलेल्या पोराला शब्दच सुचेना. दुपारी तो हळूच शाळेमागच्या डबक्यावर गेला आणि पोटभर प्याला. तिसऱ्या दिवशी हगवणीनं मेला. गुरुजींनी हजेरीबुकात त्याच्या नावापुढं लिहिलं, 'शाळा सोडली.'

इसरूला शिकवायची हौस होती म्हणून तो मास्तर झाला, असं गाव म्हणायचं. हौस होतीच. पण पोटात दुसरंही काही होतं, आणि आज त्याची संधी आपल्या पायानं चालून आली होती.

"मास्तर, ऐकू येत नाही का? पाणी!"

इसरू कोपऱ्यातल्या रांजणापुढं जाऊन उभा राहिला. "येते ना, साहेब. पण इथी पोराईच्या बोलीत मांगाव लागते."

साहेबांचे डोळे विस्फारले. "तुझी नोकरी अजून कायम व्हायची आहे. शेरा माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

"हाये ना. अन् रांजण माह्या हातात हाये."

पोरं पाट्या मांडीवर धरून बघत होती. साहेब तरातरा दारापर्यंत गेले. बाहेर सगळं भाजून निघत होतं, आणि गाडीवान बैल घेऊन दूर नाल्यावर गेला होता. ते परत येऊन खुर्चीत बसले. ओठांवरून जीभ फिरवली, तीही सुकीच. ते पाहून इसरूला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली. अगदी मनापासून बरं वाटलं.

"एर," साहेब पुटपुटले.

"मोठ्यानं, गुरुजी. मागं ऐकू नाई आलं."

'गुरुजी' ऐकताच साहेबांनी मान वर केली. मास्तरच्या चेहऱ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"एर!"

पोरं खोखो हसली. इसरूनं मान हलवली तशी पहिलीतली चंदा उठली, रांजणातून लोटा भरून घेऊन आली आणि दोन्ही हातांनी पुढं करत म्हणाली, "घ्या साहेब, पाणी."

लोटा साहेबांच्या हातातच राहिला. "हिला मराठी येते?"

"सगळ्याइले येते. मी पह्यले पाजतो, मंग शिकवतो. उलटी रीत आज एकच डाव वापरली. तुमच्याच शाळेतली."

साहेब घटाघटा प्याले. पाणी हनुवटीवरून कोटावर सांडलं. इसरूनं शेरेबुक उघडून त्यांच्यापुढं ठेवलं आणि दऊत सरकवली.

"आता माह्या नावापुढं लिवा, गुरुजी. 'शाळा सोडली.' लटारूच्या नावापुढं लिवलं होतं, तसंच."