लुएला आली

"ती आलीये. बाहेर बसलीये," डेंटन दबक्या आवाजात वादकांना म्हणाला. "आता ओनीटाबाईंना कसं सांगायचं?"

ओनीटा त्याच्या मागेच उभी होती, हातात बिस्किटं आणि हॅमचा डबा घेऊन.

"कोण आलीये?"

डेंटन गोरामोरा झाला. या रेकॉर्डचा निर्माता तो, पण वयानं तिच्या नातवासारखा. "लुएला," तो चाचरत म्हणाला.

वादकांनी माना खाली घातल्या. हॉइट प्रुइट पन्नास वर्षं गात होता आणि पन्नास वर्षं एकाच बाईबद्दल गात होता. कुकव्हिलच्या बसथांब्यावर त्याला सोडून गेलेली लुएला साऱ्या टेनेसीला पाठ होती. लग्नाची बायको ओनीटा. चर्चमधल्या बायका कीव येऊन तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवत.

ही हॉइटची शेवटची रेकॉर्ड. छातीतला दम सरत आला होता. एकच गाणं उरलं होतं, पण सकाळपासून ते काही केल्या रंगत नव्हतं.

"अरे, मग बाहेर कशाला बसवलंत? गारठा केवढा आहे," ओनीटा म्हणाली आणि स्वतःच तिला आत घेऊन आली.

बाई पंच्याहत्तरीची. लिपस्टिक नीट लावलेली.

"मी भांडायला नाही आले हो," ती बसायच्या आधीच म्हणाली. "बस सुटली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. तेवढंच त्याला सांगायचंय."

ओनीटानं तिला कॉफी दिली, बिस्किट पुढे केलं. बाई बोलत राहिली. ओनीटा मान कलती करून ऐकत होती, आपण शिवलेला झगा दुसरीच्या अंगावर कसा बसलाय ते पाहावं तशी.

"पुढे लग्न केलंत?"

"केलं. माणूस बरा नव्हता. पण रेडिओवर ही गाणी लागली की वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी झुरतंय."

ओनीटानं उठून हॉइट गात होता त्या खोलीचं काचेचं दार उघडलं.

"हॉइट, लुएला आलीये. नीट भेट तिला."

हॉइटनं बायकोकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्यानं टोपी काढली, पुढे येऊन त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"मी मागे वळून पाहिलं होतं रे," बाई म्हणाली.

"पाहिलंस? मला दिसलंच नाही गं."

बाई रडली. त्यानं तिला समोर खुर्चीवर बसवलं आणि गायला सुरुवात केली. गाणं एका दमात झालं. डेंटननं चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले.

निघताना बाईनं ओनीटाला मिठी मारली. "तुमचं मन फार मोठं आहे हो."

"येत जा," ओनीटा म्हणाली. "रविवारी आम्ही घरीच असतो."

परतीच्या वाटेवर गाडी ओनीटा चालवत होती. हॉइट सुखानं डोळे मिटून गुणगुणत होता. मर्फ्रीसबरो मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "कोण होती गं ती?"

"मला काय ठाऊक!" ओनीटा म्हणाली. "स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता मी तुझ्या गाण्यासाठी लुएला रचली, तेव्हा ती अशी दारात येऊन उभी राहील असं कुणाला वाटलं होतं?"