पाइपाची दोन टोकं

"परसातलं तळं उपसा रे," म्हणून आई कानीकपाळी ओरडायची, तेव्हा दोघा भावांच्या कंबरा धरलेल्या असायच्या. पण "माझी अंगठी तळ्यात पडली, ज्याला सापडेल त्याची" असं ती बोलून गेली, तशा कंबरा सुटल्या. जुने पाइप जोडून एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं उतारावर नेलं. धाकट्याने तोंडाने ओढ दिली आणि पाणी आपसूक वाहू लागलं.

वरचं टोक पाण्यात दाबून थोरला उभा राहिला. खाली धाकटा चाळणी धरून बसला. इतक्यात थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. अंगठी पाइपातून वाहत गेली, तर पडणार कुणाच्या चाळणीत? टोक सोडून तो खाली धावला.

"दादा, पाणी का थांबलं? वर सापडली वाटतं!"

"मला काय विचारतोस? आधी मूठ उघड!"

टोक वर आलं की पाइपात हवा शिरायची, पाणी थांबायचं आणि दोघे एकमेकांचे खिसे चाचपायचे. जागा बदलून पाहिल्या. संशय काही जागचा हलला नाही. दिवस कलला तरी तळं जेमतेम चार बोटं उतरलं.



काठावर आलेल्या आईने सुस्कारा सोडला आणि पदराची गाठ सोडून अंगठी बोटात घातली. "तुमचा लोभ धरला होता रे हिशेबात, संशय धरायचा राहिला."